सोडमास्तर

त्यांना कुजबुजता येत नसे. तीस वर्षं साचेखात्यात काढलेल्या माणसाला ते यावं तरी कसं? शेकडो साचे कापड विणत एकदम खडखडत असतात, शेजारी उभ्या माणसाचा शब्द कानात शिरत नाही, आणि मग असा माणूस घरी आल्यावर बायकोकडे मीठसुद्धा मोर्चात घोषणा दिल्यासारखं मागतो. लालबागच्या आमच्या चाळीत असे बरेच होते. पण बाकीच्यांचा मोठा आवाज मीठ, पाणी, रेशन एवढ्यापुरताच असे. यांचा विषयच असा होता, की जगात सगळीकडे त्यावर कुजबुजूनच बोलतात.

हे लिहावं की नाही, याचा मी बराच विचार केला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना सरांनी 'माझ्या पाहण्यातला एक माणूस' असा निबंध लिहून आणायला सांगितला होता. मी गावच्या आजोबांवर लिहिला. आजोबांना मी पाहिलेलंच नव्हतं. सरांना निबंध आवडला, त्यांनी तो वर्गात वाचून दाखवला, आणि मला दिवसभर कसंसंच होत राहिलं. लिहायचं तर मास्तरांवर लिहायला हवं होतं, पण धीर झाला नाही. आता एम.ए.ला आहे, थोडा धीर आला आहे. तरी यात माझ्या थोरल्या भावाची, दादाची, गोष्ट येते म्हणून आधी त्याला विचारलं. तो म्हणाला, "लिही. फक्त मास्तरांना हळू बोलताना दाखवू नकोस. लोक हसतील."

ते कुठल्या शाळेत मास्तर नव्हते. स्वतः चौथीपर्यंत शिकलेले, परळच्या एका मिलमध्ये चार साचे चालवणारे. माणसाने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू कसे आवळावेत, कसे धरावेत आणि कसे सोडावेत, हा त्यांचा विषय. त्यातही सगळा जोर सोडण्यावर. "आवळायला अक्कल लागत नाही," ते म्हणत. "भीती वाटली की माणूस आपोआप आवळतो. सोडायला शिका!" म्हणून चाळीने त्यांचं नाव सोडमास्तर ठेवलं. तोंडावर मास्तर, मागे सोडमास्तर. त्यांना ऐकू कमी येत असल्यामुळे तोंडावर आणि मागे यात फारसा फरक नसे.

ही विद्या त्यांना मिळाली ती काकींमुळे. काकी म्हणजे त्यांची बायको. पाचव्या बाळंतपणानंतर काकींना अंग बाहेर येण्याचा त्रास सुरू झाला. परळच्या म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांच्याकडे जायला सांगितलं. बाईंचं मराठी मोडकं, काकी लाजून मान वर करेनात. शेवटी बाहेर बाकावर रातपाळी करून पेंगत बसलेल्या मास्तरांना आत बोलावलं. बाईंनी कागदावर चित्र काढलं. पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते, वरचा सगळा भार ती तोलते, ती ढिली पडली की त्रास. मास्तरांनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि ओरडले, "म्हणजे ताणा!"

ताणा म्हणजे साच्यावरचे लांबीचे धागे. ते ढिले पडले की आडवा धागा नेणारा धोटा अडकतो, कापड बिघडतं. फार ओढले की तुटतात. बाईंना साचा माहीत नव्हता, पण माणूस समजला आहे एवढं त्यांना कळलं.

घरी काकी एकट्या करायला लाजत, म्हणून मास्तर सोबतीला बसू लागले. स्टोव्हच्या या बाजूला काकी, त्या बाजूला मास्तर. तीन महिन्यांनी काकींना पुष्कळ आराम पडला. आणि पुढचं मास्तर स्वतः सांगत, गॅलरीत उभं राहून, अख्ख्या चौकाला.

"तिचा त्रास तर गेलाच, पण माझाही फायदा झाला! पन्नाशीत! बाईंना जाऊन विचारलं, हे कसं काय? त्या म्हणाल्या, पुरुषाला पण तीच झोळी असते. रक्त तिथे थांबवून धरायचं काम तीच करते. ती घट्ट, तर संसार घट्ट!"

आतून काकींचा आवाज येई, "अहो, तोंडही जरा आवळा!"

गिरण्यांच्या संपाच्या आधी हा सगळा करमणुकीचा विषय होता. संप सुरू झाला आणि चाळीतले पुरुष दिवसभर घरी बसू लागले. गणपतीपर्यंत मिटेल म्हणत होते, मग दिवाळीपर्यंत मिटेल म्हणाले. मिल बंद पडल्यावर माणसाचं आणखी काय काय बंद पडतं, ते कुठल्या सभेत कोणी बोलत नव्हतं. पण मास्तरांकडे एकेक जण येऊ लागला. "माझं नाही मास्तर, माझ्या एका मित्राचं आहे." त्या वर्षी चाळीत सगळ्यांना मित्र फार झाले होते.

"मित्राला सांग," मास्तर तिसऱ्या माळ्यापर्यंत ऐकू जाईल असं सांगत, "लाजू नको म्हणावं! डोक्यात काळजी, अंगात ताण, मग बायकोजवळ गेल्यावर होणार काय? साखर आहे का मित्राला? असेल तर आधी डॉक्टरकडे जा म्हणावं!"

मित्र खाली मान घालून जिना उतरे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हजर असे.

वर्ग गॅलरीच्या टोकाला, पाण्याच्या पिंपाजवळ भरत असे. पहिल्या दिवशी नव्या माणसाला प्रात्यक्षिक. मास्तर खांद्यावरचा पंचा काढून त्याचं एक टोक कठड्याला बांधत, दुसरं स्वतःच्या हातात धरत, आणि मधल्या झोळीत पाण्याने भरलेला तांब्या ठेवत. "ही झोळी. हा तांब्या म्हणजे मुताची पिशवी. आता बघ." पंचा हळूच ताणला की तांब्या वर येई. "वर आला? पोट हललं? मांड्या हलल्या? काही नाही. फक्त झोळी. आता सोड... हळू, हळू." एकदा सोडणं जरा पटकन झालं आणि तांब्या खालच्या माळ्यावरच्या वाळत घातलेल्या पापडांवर गेला. काकी बाहेर आल्या, खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "विद्या पसरली हो तुमची."

स्नायू ओळखायचा कसा, हेही ते सांगत. चार माणसांत वारा सुटणार आहे आणि तो अडवायचा आहे, तेव्हा जे आवळतो ते. किंवा लघवी करताना मध्येच धार थांबवतो ते. "पण हे एकदाच! ओळखीपुरतं! रोज तसं केलंत तर पिशवी बिघडेल, मग माझ्याकडे येऊ नका." त्यानंतर मुख्य नियम. श्वास कोंडायचा नाही. आणि श्वास कोंडला नाही हे कळायचं कसं? तर बोलत राहायचं. त्यामुळे गॅलरीत सात-आठ माणसं ओळीने उभी राहून आज पुढारी काय म्हणाले, मालक काय म्हणाले याची चर्चा करत असत, आणि मधूनच सगळ्यांचे चेहरे एकदम काहीतरी आठवल्यासारखे होत. नवख्यांच्या तर भुवया कपाळावर जात.

"भुवया सोड!" मास्तर गर्जत. "भुवयांचं काय काम तिथे?"

हे वाक्य मग चाळीत सगळीकडे गेलं. रेशनच्या रांगेत कोणी चिडलं की, पत्त्यांत कोणी हरला की, पोरगा परीक्षेला निघाला की, 'भुवया सोड.'

मला ते 'कॉलेज' म्हणत. एक दिवस हाक आली, "ए कॉलेज! वही घेऊन ये." त्यांना सगळं कागदावर हवं होतं, म्हणजे ज्याला गॅलरीत यायची लाज वाटते त्याला कागद देता येईल. शुद्ध मराठीत हवं, असंही म्हणाले. मी कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन शब्दकोश काढला. शेजारी मुली बसलेल्या, म्हणून कोश दुसऱ्या एका मोठ्या पुस्तकात ठेवून पाहिला. दोन तास खर्च करून लिहिलं, 'श्रोणितलस्थ स्नायूंचे आकुंचन व प्रसरण'.

मास्तरांनी मला ते तीनदा वाचायला लावलं. "हे कुठल्या गावाला येतं?"

"शुद्ध आहे, मास्तर."

"असेल. पण ज्याची झोळी ढिली झालीय त्याला हे वाचून आणखी घाम फुटेल. तू लिही, 'बायकोजवळ जाताना ज्यांना त्रास होतो, त्यांच्यासाठी.'"

माझा हात चालेना. मी 'कामजीवन' म्हणून पाहिलं, 'वैवाहिक सौख्य' म्हणून पाहिलं. ते मान हलवत राहिले. शेवटी त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं. आश्चर्य म्हणजे लिहून झाल्यावर ते वाक्य कुठेच घाण वाटेना. पुढचं असं होतं: 'पाच आकडे मोजेपर्यंत धरा, पाच आकडे मोजेपर्यंत पूर्ण सोडा. असे दहा वेळा. दिवसातून तीन वेळा. आधी झोपून, मग बसून, मग उभे राहून. फरक दिसायला दीड ते तीन महिने लागतात.' मी कार्बन पेपर लावून वीस प्रती काढल्या. आठवड्यात त्या कुठे कुठे गेल्या. एक वडाळ्याच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये पोचल्याचं नंतर कळलं.

आणि त्या कागदाने घोटाळा केला. 'दिवसातून तीन वेळा' असं वाचल्यावर माणूस काय समजेल? सकाळ, दुपार, संध्याकाळ. पण गिरणीतला माणूस तसं वाचत नाही. त्याच्या डोक्यात दिवसाचे तीन भाग म्हणजे पहिली पाळी, दुसरी पाळी आणि रातपाळी. भोंगा बंद होता, पण अंगात वाजतच होता. लोक सकाळी सातला, दुपारी साडेतीनला आणि रात्री बाराला उठून व्यायाम करू लागले. त्यात कापडाच्या वारावर पगार घेतलेली माणसं. दहा म्हणजे त्यांना कमीत कमी वाटलं. "माझे दीडशे झाले," एक म्हणे. दुसरा म्हणे, "माझे दोनशे. वर ओव्हरटाइम." कामाला हात आसुसले होते, काहीतरी मोजून करायला मिळालं, म्हणून सगळे तुटून पडले.

दुसऱ्या आठवड्यात भजनाला पखवाज वाजवणारे काका मांडी घालून बसले ते उठेनात. आरती झाली, प्रसाद झाला, लोक गेले, काका तिथेच. कोणी म्हणालं समाधी लागली. काका दात दाबून म्हणाले, "समाधी नाही रे मेल्यांनो, गोळा आलाय!"

मास्तरांनी त्यांना टॅक्सीत घालून त्याच बाईंकडे नेलं. बाईंनी काकांना शेक आणि विश्रांती सांगितली आणि मास्तरांना उभं करून झापलं. परत आल्यावर चाळीला कळेल अशा आवाजात त्यांनी मला सांगितलं, "कॉलेज! खाली लिही. ओव्हरटाइम बंद! ताणा तुटला तर जबाबदार मी नाही!" काका बरे झाले. परत मिळाल्या तेवढ्या प्रतींवर मी हाताने ती ओळ लिहिली.

या सगळ्या गर्दीत एक माणूस कधी आला नाही. माझा दादा.

दादाही साचेवाला. संपाच्या आधी सहा महिने त्याचं लग्न झालं. आमची खोली एकच, दहा बाय बारा. आई स्वयंपाकाच्या बाजूला, दादा-वहिनी पडद्यापलीकडे, मी गॅलरीत. संपाच्या चौथ्या-पाचव्या महिन्यापासून दादा बोलायचा बंद झाला. कुणाशीच नाही, वहिनीशी तर अजिबात नाही. वहिनी चार दिवस म्हणून घोडपदेवला माहेरी गेली, ती दोन महिने आली नाही. आई शेजारणींना सांगायची, "पाळणा हलायचं लांबच, सून पण हलली." दादा ते ऐकायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा.

मग वहिनीचा भाऊ येऊन निरोप देऊन गेला. येत्या रविवारी दोन्हीकडच्या माणसांची बैठक. नांदवणार की नाही, ते चार माणसांसमोर सांगा. नाहीतर बहिणीला मोकळी करा.

आईने मला शुक्रवारी घोडपदेवला धाडलं, वहिनीचं मन बघून ये म्हणून. वहिनी जिन्याखालच्या नळावर कपडे पिळत होती. मी पिळलेले कपडे बादलीत टाकू लागलो. तीच म्हणाली, "भावोजी, तुम्हाला सांगायची गोष्ट नाही, पण दुसरं कोणाला सांगू? एकदा जमलं नाही. दोनदा जमलं नाही. मला त्याचं काही वाटलं नव्हतं हो. पण त्यानंतर यांनी तोंडच फिरवलं. मी काय भिंतीशी संसार करायचा?"

माझे कान गरम झाले. मी म्हणालो, "दादाला सांगू का?"

"त्यांना मीच सांगितलं असतं, त्यांनी इकडे बघितलं असतं तर."

परत येताना घोडपदेवपासून लालबागपर्यंत चालत आलो. मास्तरांच्या दारात जाऊन त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "दादाचं आहे. पण मास्तर, पाया पडतो, हळू बोला. तो जीव देईल."

मास्तरांनी स्टोव्हजवळचा चमचा उचलला. मग ते गॅलरीत गेले आणि चमच्याने लोखंडी कठडा वाजवला, टण टण टण. चौकापलीकडे आमच्या दारात दादा बसला होता. त्याने वर पाहिलं.

मास्तरांनी हात वर केला आणि बोलू लागले. तोंडाने नाही. साचेखात्यात आवाजामुळे बोलता येत नाही, म्हणून तिथल्या माणसांची हातांची एक भाषा असते. बोटं, हनुवटी, डोळे, ओठांची नुसती हालचाल. चार साच्यांपलीकडच्या माणसाशी त्यात थट्टासुद्धा चालते. मास्तरांनी दोन बोटं दाखवली, मूठ केली, उघडली. दादाने मान फिरवली. मास्तरांनी पुन्हा कठडा वाजवला. मग दादाचा एक हात गुडघ्यावरून उचलला गेला. अगदी थोडा. मग दुसरा. पंधरा-वीस मिनिटं ते दोघं चौकाच्या वरून बोलत होते. खाली पोरं क्रिकेट खेळत होती, बायका निवडणं-टिपणं करत होत्या, आणि त्यांच्या डोक्यांवरून चाळीतली सगळ्यात खाजगी गोष्ट चालली होती. जे साचेवाले होते त्यांनी पाहिलं आणि दुसरीकडे बघायला लागले.

मला त्यातलं काही कळत नव्हतं. दादाने मला मिलमध्ये पाऊल टाकू दिलं नव्हतं, तू शिक म्हणाला होता. मी शिकलो होतो. संस्कृतचे दोन पेपर दिले होते. आणि माझा भाऊ समोर बोलत होता, ते मला वाचता येत नव्हतं.

शेवटी मास्तरांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांजवळ आणून काहीतरी पिळल्यासारखं केलं. दादाने मान हलवली. त्या संध्याकाळी तो माझ्याजवळ गॅलरीत येऊन बसला आणि गप्पा मारू लागला, अभ्यास कसा चाललाय, वगैरे. बोलता बोलता त्याच्या भुवया वर गेल्या. मी पुस्तकात बघत राहिलो.

पण दीड ते तीन महिने लागतात, हे मीच माझ्या हाताने लिहिलं होतं. आणि बैठक परवावर आली होती.

बैठकीला मास्तर नकोत, असं आईचं म्हणणं. पण आमच्यात लग्नाची सुपारी फोडताना जी माणसं बसतात, तीच अशा बैठकीला बसतात. दादाच्या सुपारीला मास्तर बसले होते. त्यांना टाळणं म्हणजे आम्हीच काही लपवतो आहोत असं झालं असतं. आई म्हणाली, "तो माणूस तोंड उघडेल आणि परळपर्यंत इज्जत जाईल." त्यांना बसायला तिने मुद्दाम सतरंजीचं कोपऱ्यातलं टोक ठेवलं.

घोडपदेवहून पाच माणसं आली. त्यांचे पुढारी वहिनीचे काका. मोठ्या मिशांचे, ब्लीचिंग खात्यातले, तेही संपावरच. वहिनी बरोबर आली होती. ती दाराशी काकींच्या शेजारी बसली. दाराबाहेर गॅलरीत चाळीतल्या अर्ध्या बायकांना अचानक तांदूळ निवडायचे होते.

चहा झाला. मिशावाले काका म्हणाले, "आता स्पष्ट बोलू. आमची पोरगी दोन महिने माहेरी आहे. तिच्यात खोट नाही. तुमच्या मुलात काही दोष आहे का? असेल तर चार माणसांत सांगा."

दादाने सतरंजीकडे पाहिलं. त्याच्या मानेवरची शीर दिसत होती. आई म्हणणार होतीच, "माझ्या मुलात दोष? तुमचीच..."

"दोष माझ्यात होता!"

मास्तर उभे राहिले होते. कोपऱ्यातून. आईने डोळे मिटले.

"माझ्यात!" ते म्हणाले, आणि मला वाटतं रस्त्यावरचा पानवालाही थांबला असेल. "तरणा होतो तेव्हा मिलची टाळेबंदी झाली होती. आठ महिने. घरात दाणा नाही, डोक्यात भुंगा. बायकोजवळ गेलो की अंगात काही उरायचं नाही. मी काय केलं? बोलायचं बंद केलं. तिच्यावर हात उगारला. म्हटलं, तूच वाईट. मर्द ना मी! आठ महिने, काका! तेव्हा मला कोणी सांगितलं नाही की हे होतं. काळजीने होतं, दमल्याने होतं, झोळी ढिली पडल्याने होतं, आणि बरं पण होतं. ते शिकायला मी पन्नास वर्षांचा झालो. ही गेली नाही म्हणून मी आज इथे बसलोय. गेली असती तर चूक तिची नव्हती."

मी दाराकडे पाहिलं. आता काकी म्हणणार, तोंड आवळा. काकींनी पदर नीट केला.

"खरां सांगतत ते," त्या एकदम गावच्या बोलीत म्हणाल्या. "मी आसंय साक्षीक."

मास्तर त्यांच्याकडे वळले. मला वाटतं, हे त्यांनाही माहीत नव्हतं, की त्या असं म्हणतील.

"म्हणून म्हणतो," ते पुन्हा पंचा झटकत सुरू झाले, "पोराला तीन महिने द्या. पोराला म्हणजे... कुठल्याही पोराला! संपात सगळ्यांनाच द्या!"

मिशावाल्या काकांनी चहाचा रिकामा कप उचलला, पुन्हा ठेवला. मिशीवरून हात फिरवला. मग मास्तरांकडे थोडं सरकले आणि इतक्या हळू आवाजात बोलले, की मी शेजारी होतो म्हणून मला ऐकू आलं.

"दिवसातून किती वेळा म्हणालात?"

"काय?" मास्तर.

"किती वेळा... करायचं?"

"तीन वेळा!" मास्तर कडाडले. "दहा-दहा! तुमच्या मित्राला सांगा, ओव्हरटाइम नाही!"

बाहेर गॅलरीत तांदळाची एक परात पालथी झाली. आधी बायका हसल्या, मग घोडपदेवची माणसं, मग काका स्वतः मिशीच्या आड. वहिनीने तोंडाला पदर लावला होता, पण तिचे खांदे हलत होते. दादाने तेव्हा मान वर केली आणि दोन महिन्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

"राहतेस?" तो म्हणाला. एवढंच.

"बोलणार असाल तर राहते," वहिनी म्हणाली.

तो म्हणाला, "बोलतो." आणि मग त्याला पुढे काहीच सुचेना. तो चांगलाच घामाघूम झाला. आई उठली आणि कोणाकडे न बघता पुन्हा चहा टाकला.

तीन महिन्यांत सगळं बरं झालं का, ते मी विचारलं नाही, आणि विचारायचं नाही एवढं मला कळतं. बोलणं मात्र सुरू झालं. दादाने वहिनीला साचेखात्याची भाषा शिकवली. एका खोलीत आई मध्ये बसलेली, मी कोपऱ्यात वाचत असलेला, आणि ही दोघं दोन टोकांना बसून हातांनी काय काय बोलत असत. मध्येच वहिनी लाजून लाल होई. आई म्हणे, "माश्या हाकलताय का?"

एकदा मी दादाला विचारलं, त्या दिवशी मास्तर शेवटी बोटांनी काय म्हणाले होते. तो म्हणाला, "काही नाही रे. विचारत होते, तार तुटली का? तार म्हणजे धागा. मी म्हटलं, हो. तर म्हणाले, मग साचा थांबव, गाठ मार, परत चालू कर. तार तुटली म्हणून कोणी साचा पेटवून देतो का?"

संप मिटला असं कोणी कधी जाहीर केलं नाही. आवळून धरलेलं कोणी सोडा म्हणालंच नाही. लोक एकेक करून आपापले निघून गेले. दादा एका कारखान्यात पॅकिंगला लागला. मास्तरांची मिल उघडली नाही. दोन वर्षं वाट बघून ते आणि काकी गावी जायला निघाले. टेम्पोत ट्रंक, स्टोव्ह, पिंप आणि तो तांब्या. अख्खी चाळ खाली आली. पखवाजवाल्या काकांनी नारळ दिला. त्या परळच्या बाईही आल्या होत्या. मास्तरांनी त्यांना स्वतः विणलेल्या शेवटच्या कापडाचा तुकडा दिला आणि म्हणाले, "बाई, ताणा बघा, एक धागा ढिला नाही!" सगळ्यांना ऐकू गेलं.

मी मागे जिन्यापाशी उभा होतो. काहीतरी शुद्ध सुचत होतं, ते बोलावंसं वाटत नव्हतं. टेम्पो सुरू झाला, इंजिनाचा आवाज झाला, त्यात आता हाक मारूनही उपयोग नव्हता. मास्तरांनी मागच्या फळीवरून माझ्याकडे पाहिलं. एक बोट कपाळाला लावलं, भुवईवरून हळूच खाली आणलं आणि पंजा उघडला.

दादा शेजारी होता. मी त्याला अर्थ विचारला नाही. मी भुवया सोडल्या, आणि मग डोळ्यांतलं पाणी आपोआप खाली आलं.